तांब्याचं कोंदण

शुभंकरनं यंत्र खिडकीच्या गजाला सुतळीनं घट्ट बांधलं, वर दोन निरगाठी मारल्या, स्टूल ओढून समोर बसला आणि ते कुठं कुठं जातंय ते वहीत लिहायला लागला.

नऊ वाजून दहा मिनिटांनी ते दगडूशेठ गणपतीच्या दिशेनं निघालं. सव्वानऊला ते रस्त्यापलीकडच्या पुस्तकांच्या दुकानात होतं. नऊ वीसला परत आलं, पण आत न येता जिन्यात घुटमळलं. साडेनऊला त्यानं उसळी मारली आणि, पडद्यावरच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर, ते बुधवार पेठेच्या साठ मीटर वर हवेत उभं होतं. सुतळी जागच्या जागी होती. शुभंकरनं तीही ओढून पाहिली आणि वहीत ‘सुतळी ठीक’ असं लिहिलं.

यंत्र पिवळं होतं, मुठीत मावणारं, चार पेन्सिल सेलवर चालणारं, आपण कुठं आहोत ते उपग्रहांना विचारून सांगणारं. ते ज्या खोक्यातून आलं होतं त्यावर एक जाडगेला माणूस होडीत बसून गळ टाकत होता. आवडीची जागा नोंदवून ठेवायची तर यंत्र तीन चित्रं पुढं करायचं: मासा, होडीचा नांगर आणि तंबू. बनवणाऱ्यांनी ज्याचा विचार केला होता तो माणूस ताशी चार किलोमीटरनं, शक्यतो बसूनच, प्रवास करणारा होता. शुभंकरचं काम ते लढाऊ विमानात बसवून द्यायचं होतं.

यात कुणालाच काही विचित्र वाटत नव्हतं. विमानं शुभंकरपेक्षा वयानं मोठी होती. त्यांच्यात बसवायचं खरं यंत्र मागवलेलं होतं आणि ते येणार होतं, जसा एखादा नातेवाईक दर वर्षी येणार असतो. तोवर वैमानिकांनी आपापली सोय केली होती. ज्या वस्तूसाठी दहा वर्षांपूर्वी परवाना, परकीय चलन आणि दिल्लीतला मेहुणा लागायचा ती आता बुधवार पेठेत, रेडिओच्या सुट्या भागांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर मिळत होती. शुभंकरच्या मालकीण कल्याणी मॅडम ती किल्ल्यांवर जाणाऱ्यांना आणि जमीन मोजणाऱ्यांना विकायच्या. मग मिशा राखलेली, पायात बूट घातलेली, पावती न मागणारी माणसं यायला लागली. ती यंत्र न्यायची आणि चिकटपट्टीनं मांडीवर लावून उडायची. हे वरच्या एका कार्यालयाला कळलं. वैमानिकाच्या मांडीवर काय असावं याचा नियम होता आणि त्यात हे नव्हतं. तेव्हा ते रीतसर करायचं ठरलं, आणि रीतसर करायचं म्हटल्यावर फाइल निघाली.

फाइल आतापर्यंत सात वेळा परत आली होती. साडेदहाला कल्याणी मॅडम जिना चढून आल्या आणि त्यांनी ती आठव्यांदा त्याच्या टेबलावर ठेवली.

“काय म्हणतंय तुझं?” त्यांनी गजाकडे पाहत विचारलं.

“आत्ता भिडे वाड्याकडे गेलंय.”

“जेवायला येईल ना?”

त्या आपल्या खोलीत निघून गेल्या. शुभंकरनं फाइल उघडली. लाल पेन्सिलीतलं अक्षर ओळखीचं झालं होतं: ‘दोष मान्य. उपाय नमूद करावा.’ आणि खाली, कार्डाच्या मसुद्यावर, त्याचं एकमेव वाक्य लाल रेघेनं सरळ खोडलेलं. पट्टी लावून.

दोष काय ते शुभंकरनं आठही वेळा सारखंच लिहिलं होतं. आकाशातले उपग्रह अमेरिकेचे. ते दोन तऱ्हेनं बोलतात. स्वतःच्या फौजेशी खरं आणि बाकी जगाशी थोडं खोटं. हे खोटं मुद्दाम घातलेलं असतं, आज इकडे तर उद्या तिकडे, कधी कधी शंभर मीटरपर्यंत. होडीतल्या जाड माणसाला त्यानं काही फरक पडत नाही, मासा तेवढा इकडेतिकडे असतोच. यावर पुण्यात उपाय नाही. म्हणून यंत्रासोबत वैमानिकाच्या समोर जे कार्ड लागेल त्यावर त्यानं इंग्रजीत एक ओळ घातली होती, जिचा अर्थ असा की केवळ या यंत्रावर विसंबू नये, बाहेर पाहावे.

ती ओळ त्यानं अशीच सुचली म्हणून घातलेली नव्हती. डिसेंबरात जयसिंग म्हणून एक वैमानिक दुकानात आला होता. साताऱ्याकडचा, पस्तिशीचा, बोलताना उगाच हात न हलवणारा. चार सेल बदलून घेता घेता त्यानं सांगितलं की गेल्या आठवड्यात घाटावरच्या धुरकटात तो खाली उडत होता आणि यंत्र बघत होता. यंत्राच्या मते तो दरीच्या मधोमध होता. सहज मान वर केली तर डोंगर समोर होता. शेताचे बांध मोजता आले असते.

“यंत्र चुकलं याचं काही नाही,” जयसिंग म्हणाला होता. “चुकतं ते माहीत आहे मला. पण आकडे इतके छान दिसतात की मान वर करायचं राहून जातं. ते कुठंतरी लिहून ठेवा बुवा. आम्ही लिहिलेलं पाळतो.”

त्या दिवसापासून शुभंकरला एकच गोष्ट पाहिजे होती. ती एक ओळ विमानात गेली पाहिजे. त्याच्या बरोबरीची मुलं व्हिसाच्या रांगेत उभी होती, अमरावतीहून वडील दर रविवारी फोन करून विचारायचे की सॉफ्टवेअरचं काय झालं, आणि हा एका ओळीसाठी आठव्यांदा स्कूटर काढत होता.

कार्यालय कॅम्पाच्या पलीकडे, गुलमोहराखाली होतं. फाइल ज्यांच्याकडे अडायची त्या आप्पासाहेबांना निवृत्तीला अकरा महिने राहिले होते. टेबलावर काचेखाली रेल्वेचं वेळापत्रक, एक पट्टी आणि लाल पेन्सिल. पेन्सिलीला टोक कायम ताजं. त्यांनी शुभंकरला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि मग अगदी शांतपणे सांगितलं की दोषाच्या रकान्यात दोष लिहिला की उपायाच्या रकान्यात उपाय लिहावा लागतो. रकाने शेजारी शेजारी छापलेत ते त्यासाठीच.

शुभंकर म्हणाला की उपाय नाही हेच तर लिहिलंय. आप्पासाहेब म्हणाले की ‘नाही’ हा उपाय नव्हे. शुभंकरनं विचारलं, मग अमेरिकेला पत्र लिहू का? आप्पासाहेबांनी नियमांची पुरवणी चाळून पाहिली आणि सांगितलं की पत्रव्यवहाराची तरतूद फक्त देशांतर्गत पुरवठादारांशी आहे.

“आणि साहेब, ती ओळ? ती का खोडता दर वेळी?”

आप्पासाहेबांनी चष्मा वर सरकवला. “मी इथं काय करतो? यंत्र विसंबण्यालायक आहे असं लिहून सही करतो. त्याच्याच खाली तुम्ही लिहिणार, विसंबू नये. मग आपल्या दोघांपैकी एकाची नोकरी कशाला पाहिजे?”

असल्या माणसांचा हाच त्रास असतो. ती चुकीची असती तर भांडता आलं असतं.

तो बाहेर आला आणि स्कूटरच्या सीटवर फाइल ठेवून त्यानं उपायाच्या रकान्यात लिहिलं: ‘यंत्र तांब्याच्या होल्डरमध्ये बसवले आहे.’ हे खोटं नव्हतं. होल्डर लागणारच होता, आणि होकायंत्राजवळ लोखंड चालत नाही म्हणून तो तांब्याचा करायचं आधीच ठरलं होतं. फक्त त्याचा दोषाशी काडीचाही संबंध नव्हता. जखमेच्या रकान्यासमोर ‘शर्ट धुतला आहे’ असं लिहावं तसं ते होतं. चार दिवसांत फाइल आली. लाल पेन्सिलीत लिहिलं होतं: ‘योग्य. चाचणी मंगळवार, दोन मे, सकाळी नऊ. नमुने दोन आणावेत.’ कार्डावरची ओळ परत खोडलेली होती.

कसबा पेठेत तांबट आळीच्या तोंडाशीच ठोक्यांचा आवाज सुरू व्हायचा. सीतारामकाकांचं दुकान आत तिसरं. सत्तरीचे, कानानं अर्धे, जिभेनं पूर्ण. त्यांनी यंत्र हातात घेऊन उलटंपालटं केलं.

“याला घर करायचंय का कोंदण?”

“होल्डर.”

“म्हणजे कोंदण.” त्यांनी मापं सुतळीनं घेतली, कागदावरची मिलिमीटरमधली बघितलीसुद्धा नाहीत. “कशात बसवायचं म्हणालात?”

“लढाऊ विमानात.”

“बरं.” जणू कुणी देवघरात म्हटलं होतं. “शनिवारी या.”

शनिवारी दोन्ही कोंदणं तयार होती. यंत्र आत बसवलं की बोटानं ढकलूनही हलत नव्हतं. सीतारामकाकांनी छोटी छिन्नी आणि हातोडी काढली.

“नाव काय घालू?”

“नाव नको, काका.”

“नाव नको म्हणजे? भांड्यावर नाव असतं. पन्नास वर्षांत या दुकानातून कोरं भांडं बाहेर गेलेलं नाही. लग्नातलं असेल तर मुलीचं नाव, वास्तुशांतीचं असेल तर तारीख, गेलेल्या माणसाचं असेल तर स्मरणार्थ. कोरं भांडं चोरीचं वाटतं. बोला, कुणाचं नाव?”

शुभंकर सकाळपासून उन्हात फिरला होता. फाइल पिशवीत होती आणि पिशवीचा बंद खांद्यात रुतत होता. समोर एक म्हातारा हातोडी धरून विमानाला नाव विचारत होता. त्याला एकदम सगळ्याचा वीट आला.

“घाला,” तो म्हणाला. “याच्या एकट्यावर विसंबू नये, बाहेर बघावे. हे घाला. सगळीकडे खोडून झालंय, तुम्ही तेवढे राहिलात.”

मग तो जयसिंगचा किस्सा, डोंगर, लाल पेन्सिल, दोन रकाने असं सगळं काकांना सांगत बसला. काकांना त्यातलं किती ऐकू आलं ते कळायला मार्ग नव्हता. ते मान हलवत होते, पण ते ठोक्यांबरोबरही हलवायचे. शेवटी शुभंकर म्हणाला की सोमवारी सुट्टी आहे, मंगळवारी सकाळी जाता जाता घेऊन जातो. मंगळवारी त्यानं कागदात गुंडाळलेली दोन कोंदणं घेतली आणि न उघडता डिकीत टाकली.

चाचणी कार्यालयाच्या गच्चीवर होती. आप्पासाहेबांनी टोपी घातली होती. त्यांनी पहिलं कोंदण तराजूत तोललं, पट्टीनं मोजलं, आणि एका कारकुनाकडून सगळं लिहून घेतलं. लांबी. रुंदी. जाडी. रंग तांबूस. मग ते थांबले, चष्मा कपाळावर चढवला आणि कोंदणाची खालची कड डोळ्यांजवळ नेली. ठिपक्याठिपक्यांची एक ओळ होती, ताटवाट्यांवर असते तशी. त्यांचे ओठ हलले.

शुभंकरनं मान वाकडी करून वाचलं. काकांना सगळं ऐकू आलं होतं.

“ही ओळ नमुन्याचा भाग आहे का?” आप्पासाहेबांनी विचारलं.

दुसऱ्या कोंदणावरही ती होती. अक्षर न् अक्षर सारखी.

“साहेब, ते... भांड्यावर असतं ना. तांबट घालतातच. प्रथा आहे.”

आप्पासाहेबांनी ओळीवरून एकदा बोट फिरवलं. मग कारकुनाला म्हणाले, “लिहा. लेख, मराठी, एक ओळ, ठोक्याचा. व्यवसायाच्या प्रथेप्रमाणे.” आणि कोंदण टेबलावर ठेवलं.

नऊ वाजता कोंदणात बसवलेलं यंत्र सुरू झालं. नऊ पाचला ते कँटीनमध्ये गेलं. नऊ दहाला ते साहेबांच्या मोटारीवर होतं. नऊ वीसला भिंतीबाहेर, गुलमोहराच्या पलीकडे. दर पाच मिनिटांनी कारकून आकडे मोठ्यानं वाचत होता आणि शुभंकर मनातल्या मनात आपलं सामान आवरत होता. साडेनऊ झाले. नऊ पस्तीसला कारकुनानं आकडे वाचले, पडद्यावर बोटानं टिचकी मारली आणि परत वाचले.

यंत्र गच्चीवर होतं. टेबलावर. जिथं ते ठेवलं होतं तिथं.

नऊ चाळीसला ते तिथंच होतं. पावणेदहालाही. शुभंकरनं सेल काढून परत घातले. यंत्रानं मिनिटभर विचार केला आणि परत टेबलावरच येऊन बसलं. गेल्या पाच महिन्यांत हा प्राणी एका जागी तीन मिनिटं टिकला नव्हता. दहापर्यंत ते असं बसलं की जणू त्याला चांगल्या घरातलं वळण होतं.

आप्पासाहेबांनी टोपी काढून घाम पुसला. “उपाय लागू पडला,” ते म्हणाले. “पहिला अर्धा तास का हललं?”

“मला माहीत नाही, साहेब.” हे पाच महिन्यांतलं पहिलं वाक्य होतं ज्यावर कुणी आक्षेप घेतला नाही.

कारकून म्हणाला की तांबं तापायला वेळ लागत असेल. त्यावर विचार झाला. मग आप्पासाहेबांनी अहवालात लिहिलं की होल्डर वापरापूर्वी अर्धा तास उन्हात ठेवावा. एक कोंदण त्यांनी कापडात गुंडाळून, दोरी बांधून, लाखेचा शिक्का मारून कपाटात ठेवलं. दुसरं जयसिंगच्या विमानात चाचणीला जाणार होतं.

शुभंकरला दुसऱ्या दिवशी एका सायबर कॅफेत, तासाला चाळीस रुपये देऊन, खरं काय ते कळलं. अमेरिकेनं आपलं खोटं बोलणं थांबवलं होतं. कायमचं, असं म्हणत होते, आणि कालपासून. वेळ दिलेली होती. ती त्यानं कागदावर पुण्याच्या वेळेत करून पाहिली. सकाळी साडेनऊच्या सुमाराला.

तो तसाच कार्यालयात गेला. कागद पुढं ठेवला आणि एका दमात सांगितलं की तांब्यानं काहीही झालेलं नाही. आप्पासाहेबांनी कागद वाचला, घडी केली, उलगडून परत वाचला.

“म्हणजे काल सकाळी माझ्या गच्चीवर चाचणी चालू असताना,” ते म्हणाले, “अमेरिकेनं आपणहून दोष काढून टाकला.”

“हो.”

“आपल्यासाठी.”

“नाही साहेब, सगळ्या जगासाठी. योगायोग आहे.”

“तसं त्यांचं पत्र आहे का?”

शुभंकरनं डोळे मिटून घेतले. मग तो शक्य तितक्या हळू बोलला. ज्यानं बटण बंद केलं तो ते उद्या चालूही करू शकतो. त्या दिवशी कोंदण काही करणार नाही, ते तांबं आहे. आतापर्यंत यंत्र खोटं बोलतं हे निदान सगळ्यांना माहीत होतं, आता ते खरं बोलतंय म्हणून कुणी मान वर करणार नाही. तेव्हा उपाय खोडा, मला खोडा, पण कार्डावर ती एक ओळ राहू द्या.

आप्पासाहेबांनी पेन्सिलीचं टोक तपासलं. “कार्डावर येणार नाही. का येणार नाही ते तुम्ही नऊ वेळा वाचलंय. आणि उपाय खोडता येत नाही, त्याची चाचणी यशस्वी झालीय.” त्यांनी कपाट उघडून लाखेनं बंद केलेलं गाठोडं दाखवलं. “आता हा नमुना. चाळीस पाहिजेत. यात जे आहे त्यातलं काही कमी चालत नाही, आणि नाही ते काही वाढवता येत नाही. जूनच्या अखेरीला आणा.”

शुभंकरनं त्या गाठोड्याकडे पाहिलं. त्याला त्यात फक्त लाख दिसली.

त्या रात्री त्यानं अमरावतीला स्वतःहून फोन केला आणि सॉफ्टवेअरचं बघतो म्हणाला. कल्याणी मॅडमना राजीनाम्याचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या की चाळीस होल्डर पोचते करून मग कुठंही जा, आणि जाताना अर्धा तास उन्हात उभा राहा.

सीतारामकाकांना त्यानं चाळीस कोंदणांचं सांगितलं, आणि हेही की या वेळी ती ओळ घालू नका, परत खोडलीच जाईल. काकांना नेमकं हेच ऐकू आलं नाही. तीनदा सांगितल्यावर ते म्हणाले की मग दुसरीकडे जा. शेवटी तडजोड अशी झाली की एकोणचाळीसांवर ओळ राहील आणि एक कोरं. कार्यालयानं ओळीवर आक्षेप घेतलाच, तर कसं दिसेल ते दाखवायला एक तरी हाताशी असावं. आक्षेप येणार याची शुभंकरला खात्रीच होती. एकोणचाळीस घासून पुन्हा साफ करायला किती दिवस लागतील याचा हिशेबही त्यानं केला होता.

मध्ये एकदा जयसिंगचा फोन आला. यंत्र उत्तम चालतंय म्हणाला.

“ते खाली लिहिलंय ते कुणी लिहिलं?”

“आमचे एक तांबट आहेत, सर.”

“हं. वाचलं की मान आपोआप वर होते. आमच्यात एक लुधियानाचा आहे, त्याला मराठी येत नाही. त्यानं अर्थ विचारून घेतला आणि ओळ पाठ केली. पट्टा बांधताना म्हणतो. आणि ते अर्धा तास उन्हात ठेवायचं काय आहे?”

“ते सोडा, सर.”

“नाही, ठेवतो की. लिहिलंय ना.”

हे ऐकून शुभंकरला आनंद व्हायला हवा होता. उलट तो आणखी चिडला. एका माणसाची मान वर होत होती, एक पाठ म्हणत होता, आणि हे सगळं लाल पेन्सिलीच्या एका रेघेखाली जाणार होतं. पट्टी लावून.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात तो दोन पेट्या घेऊन कार्यालयात गेला. आप्पासाहेबांनी कपाटातून गाठोडं काढलं, लाख फोडली आणि नमुना काचेवर ठेवला. मग एकेक कोंदण घेऊन तपासायला बसले. वजन. लांबी. रुंदी. जाडी. प्रत्येकाची खालची कड ते डोळ्यांजवळ न्यायचे, नमुना शेजारी धरायचे आणि बोट ठिपक्यांवरून डावीकडून उजवीकडे फिरवायचे. सातव्यावर ते अडले. ‘बाहेर’मधला एक ठिपका पुसट होता. त्यांनी भिंग मागवलं, ठिपका सापडला, मग पुढं गेले. कारकून प्रत्येक वेळी लिहीत होता: लेख, बरोबर. शुभंकर पाणी पीत होता आणि आक्षेपाची वाट बघत होता. एकोणचाळीस वेळा तो आला नाही.

चाळिसावं कोंदण त्यांनी दोनदा फिरवून पाहिलं. मग लाल पेन्सिल उचलली.

“हे नामंजूर.”

“का, साहेब?”

“ओळ नाही.”

ते मुद्दाम कोरं ठेवलं होतं, ओळीवरच आक्षेप येईल असं वाटलं होतं, असं शुभंकर काहीतरी पुटपुटला. मग म्हणाला, “वजन, माप सगळं बरोबर आहे. एकच तर आहे. चालेल की तेवढं.”

“नमुन्यात आहे ते विमानात पाहिजे.”

“साहेब, तुम्हीच तर ती ओळ नऊ वेळा...”

“ती कार्डावर होती,” आप्पासाहेब म्हणाले. कारकुनाला त्यांनी चहा सांगायला पाठवलं. तो जिना उतरेपर्यंत ते एकोणचाळीस कोंदणं पेटीत नीट लावत राहिले, ओळीची कड वर येईल अशी. मग चष्मा काढला आणि कोरं कोंदण पेन्सिलीच्या मागच्या टोकानं हळूच शुभंकरच्या बाजूला सरकवलं.

“चालेल म्हणता ना? मग हे कुणाच्या विमानात बसवायचं, तेवढं नाव सांगा. मी लिहून घेतो.”

त्यांनी खरंच कागद पुढं ओढला होता.

शुभंकरनं कोंदण उचललं, पिशवीत टाकलं आणि कसब्याकडे स्कूटर काढली. सीतारामकाकांनी मान वर न करता हात पुढं केला.